मागे घेतलेली साक्ष

प्रिय पप्पा,

आज शनिवार, दुपारचे तीन वाजलेत. तुम्हाला जाऊन वर्ष झालं, उद्याच्या त्या प्रार्थनेसाठी मम्मी करंज्यांचं सारण भाजतेय, आणि मला तिने स्वयंपाकघरातून हाकललंय, कारण मी म्हणे खोबरं भाजत नाही, जाळते. उद्या उपासना संपली की तुमच्याबद्दल दहा मिनिटं बोलायचंय. कुणी? मी! माईकवर, तमिळमधून! काय बोलायचं ते कागदावर काढायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडकले. मग म्हटलं, आधी तुमच्याशीच बोलून घ्यावं.

अडकायला कारण आहे. बुधवारी तंगराज अंकलचा फोन आला होता. अजून तेच आपल्या चर्चच्या मंडळीचे सेक्रेटरी आहेत, आणि अजूनही 'स्तोत्रम' असा नमस्कार केल्याशिवाय फोनवर एक शब्द पुढे सरकत नाहीत. म्हणाले, "कृपा, उद्या-परवा लिहायला बसशील ना मा, तर अप्पांची, तुझ्या पप्पांची, ती साक्ष घे. प्रभूने तुला बरं केलं, ती. फार सुंदर साक्ष. नंतरचं सगळं... अदु वेण्डाम मा." नंतरचं नको.

आणि तुमच्या लेकीने काय उत्तर दिलं? "ओके अंकल."

रागावू नका. आधी मला सगळं पहिल्यापासून आठवू द्या.

आपण चेन्नईत आलो तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तुम्हाला गिंडीतल्या एका छोट्या कारखान्यात टूलरूममध्ये नोकरी लागली होती. आपण मराठी म्हटल्यावर मंडळीत सगळ्यांना वाटलं, हे तंजावरकडचे कुणी राव असणार. पहिले दोन रविवार काय आदर होता आपला! तिसऱ्या रविवारी कुणीतरी विचारलं, मूळचे कोण तुम्ही, आणि तुम्ही सरळ सांगून टाकलंत. नगर जिल्ह्यातलं गाव, गावाबाहेरची वस्ती, आजोबांनी ख्रिस्ताचं नाव का घेतलं, सगळं. हसत हसत सांगितलंत. वर म्हणालात, "आता इथं काय, सगळे भाऊच की!"

त्या वर्षी नाताळात मंडळीची घरोघर जाऊन गाणारी कॅरल पार्टी आपल्या बिल्डिंगखाली आली, खालूनच दोन गाणी म्हणाली आणि उशीर झालाय सांगून पुढे गेली. मम्मीच्या करंज्या ताटात तशाच राहिल्या. दुसऱ्या वर्षीही उशीर झाला. तिसऱ्या वर्षीही. असे किती नाताळ त्यांना आपल्याच बिल्डिंगपाशी उशीर होत राहिला, पप्पा! तुम्ही दरवेळी जिन्यातून टाळ्या वाजवायचात आणि मला राग यायचा. तुम्हाला कळत नव्हतं असं थोडंच होतं? तुम्हाला सगळं कळत होतं.

हे सगळं आधी लिहिते, कारण त्याशिवाय तुमची ती चूक कुणाला समजणार नाही.

मी पंचवीस वर्षांची असताना माझं मन बिघडलं. तेव्हा आपण घरात असं म्हणत नव्हतो. 'कृपाला अशक्तपणा आलाय' म्हणत होतो. मला सकाळी उठवत नव्हतं, जेवण गिळवत नव्हतं, केस विंचरायचे म्हटलं तरी रडू यायचं. डॉक्टर शोधून मला घेऊन गेलात ते तुम्हीच. आठ महिने गोळ्या घेतल्या आणि मी हळूहळू माणसात आले. अड्यारच्या ऑफिसात परत जायला लागले. त्याच सुमारास मंडळीत तीन दिवसांची उपासप्रार्थना झाली, पाळकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, मी त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी हसले, आणि पुढच्या रविवारी तुम्हाला साक्षीला पुढे बोलावलं.

सोळा वर्षं आपण शेवटच्या बाकावर बसलो. सोळा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, 'ब्रदर, पुढे या.' तुम्ही शर्टाचं वरचं बटण लावलंत आणि गेलात. माईक हातात घेऊन म्हणालात, "माझी मुलगी पूर्ण बरी झाली. तिला आता कशाचीच गरज नाही." सगळी मंडळी 'अल्लेलुया' म्हणून उभी राहिली. तुमचा चेहरा मला अजून दिसतो. इतका आनंद तुमच्या तोंडावर मी माझ्या दहावीच्या निकालालाही पाहिला नव्हता.

पण मला विचारलं होतंत का, पप्पा? एका शब्दाने तरी?

साक्ष एकदा दिली की ती दिली. देवासमोर, शंभर माणसांसमोर. घरी आल्यावर तुम्ही माझी गोळ्यांची पट्टी हातात घेतलीत आणि कितीतरी वेळ नुसती उलटसुलट करत राहिलात. मग म्हणालात, "पोरी, साक्ष दिलीय. आता ह्या घेतल्या, तर प्रभूला खोटं पाडल्यासारखं होतं." मम्मी बोलली, "अहो, डॉक्टरांना तरी विचारा." तुम्ही ऐकलं नाहीत. आणि मीही ऐकलं ते तुमचंच, कारण त्या रविवारचा तुमचा आनंद मला मोडायचा नव्हता. आपल्यासारखी माणसंच असं करू जाणे! बरं झाल्याचं जाहीर केलं म्हणून औषध सोडायचं!

सहा आठवडे लागले. मग एका दुपारी मी ऑफिसातून निघाले ती घरी न येता एग्मोर स्टेशनवर जाऊन बसले. मला कुठल्या गाडीत चढायचं नव्हतं. घरी यायचं नव्हतं. आपण कुठेच नसावं, एवढंच वाटत होतं. तुमचे अकरा फोन झाले. बाराव्याला मी उचलला, पण तोंडातून शब्द फुटेना. मागे गाड्यांच्या घोषणा चालू होत्या, त्यावरून तुम्ही ओळखलंत.

तुम्ही कामाच्या कपड्यांत आलात, हाताला तेल तसंच. बाजूला बसलात. ना रागावलात, ना प्रार्थना सुरू केलीत. म्हणालात, "भूक लागलीय का?" मी मान हलवली. मग म्हणालात, "आगं, मी तुला साक्षीला लावली. दवाखान्यात न्यायची सोडून साक्षीला लावली." आणि तिथे, त्या गर्दीत, तुम्ही रडलात. स्टेशनवरून रिक्षा केलीत ती थेट डॉक्टरांकडे.

इथपर्यंत जे झालं ते कुठल्याही घरात होऊ शकतं. बाप चुकतो, रडतो, पोरीला जवळ घेतो. पण पुढच्या रविवारी तुम्ही जे केलंत ते मी दुसऱ्या कुणाला करताना पाहिलेलं नाही.

साक्षीची वेळ झाली. तुम्हाला कुणी बोलावलं नव्हतं. तुम्ही उठलात आणि चालत पुढे गेलात. माईक घेतलात आणि तुमच्या त्या कारखान्यातल्या तमिळमध्ये म्हणालात, "नान पोय सोन्नेन." मी खोटं बोललो.

तुम्ही सांगत गेलात, "माझी मुलगी बरी झालेली नाही. ती बरी होतेय. डॉक्टर औषध देतात आणि प्रभू सांभाळतो, दोन्ही चालू आहे. मी घाई केली. का केली? मला तुमच्यापुढे उभं राहायचं होतं. तुम्ही सोळा वर्षांत मला पुढे बोलावलं नव्हतं. ज्या दिवशी बोलावलं त्या दिवशी मला मोठी साक्ष पाहिजे होती. म्हणून मी मुलगी वापरली."

कुणीतरी माईक बंद केला. बिचाऱ्यांना काय ठाऊक! तुमचा आवाज प्रेस मशीनच्या खडखडाटापुढे कमावलेला. तो मागच्या फाटकापर्यंत पोहोचला असेल. "मी ती साक्ष मागे घेतो," म्हणालात. "आणि इथं कुणाच्या घरात असं माणूस असेल तर लपवू नका. पाय मोडला तर आपण लपवतो का?" मग पाळकांनी घाईघाईने गाणं सुरू केलं आणि तुम्ही शेवटच्या बाकावर येऊन माझ्या शेजारी बसलात. मी तुमचा हात धरला. पप्पा, त्या क्षणी मला तुमचा जितका अभिमान वाटला ना, तितका त्या देखण्या साक्षीच्या वेळी तिळभरही वाटला नव्हता. मी तुम्हाला हे कधी सांगितलं नाही. का नाही सांगितलं, देव जाणे!

पुढचा महिनाभर आपल्याला कुणी धड 'स्तोत्रम' केलं नाही. साक्ष मागे घेतात का कुठे? काही जण म्हणाले, विश्वास कमी पडला. काही जण म्हणाले, ह्या लोकांचं असंच. ते 'ह्या लोकांचं' मम्मीने ऐकलं आणि दोन दिवस ती जेवली नाही.

आणि मग एका संध्याकाळी दाराची बेल वाजली. दारात तंगराज अंकल! जे सोळा नाताळ आपला जिना चढले नाहीत, ते घामाघूम होऊन तिसऱ्या मजल्यावर उभे. त्यांची सेल्वी दोन वर्षं खोलीतून बाहेर पडत नव्हती. मंडळीत सांगितलं होतं की ती कोइंबतूरला मावशीकडे शिकायला आहे. त्यांना आपल्या डॉक्टरांचा पत्ता हवा होता.

मी आतल्या खोलीतून ऐकत होते. मला वाटलं, आता पप्पा बोलणार. विचारणार, ब्रदर, आज उशीर नाही झाला का? एकदा तरी विचारायचं होतंत! मी आजही म्हणते, विचारायला हवं होतंत. पण तुम्ही म्हणालात, "आधी बसा. पाणी प्या." ते पाणी प्यायले. मम्मीने पिठलं-भाकरी वाढली, ते जेवले. दुसऱ्या दिवशी तुम्ही रजा टाकून त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेलात, आणि पुढेही जात राहिलात. त्या नाताळात कॅरल पार्टी वर आली. तुम्ही इतक्या मोठ्याने गायलात की त्यांचा गिटारवाला सुरातून सुटला.

पण तंगराज अंकलनी चारचौघांत कधी सांगितलं नाही की ते आपल्याकडे का आले होते. तुम्हाला चाललं. मला नाही चाललं. आणि तरी बुधवारी मी 'ओके अंकल' म्हणाले! सांगते का ते. त्यांच्यासाठी नाही, माझ्यासाठीच. ऑफिसात मी अजून गोळ्या व्हिटॅमिनच्या डबीत ठेवते. कुणी विचारलं तर सांगते, केस गळतात. तुम्ही शंभर जणांपुढे बोललात आणि मी चार मैत्रिणींपुढे बोलू शकले नाही. त्यामुळे अंकल 'नको' म्हणाले तेव्हा मला चक्क हायसं वाटलं. ही खरी गोष्ट.

काल संध्याकाळी सेल्वीचा फोन आला. म्हणाली, "अक्का, माझ्या अप्पांनी तुला काय सांगितलं ते मला कळलंय. माझं लग्न ठरतंय म्हणून घाबरलेत ते. पण मुलाला मी पहिल्याच भेटीत सांगितलंय, गोळ्या घेते म्हणून. तो म्हणाला, त्याची आईही घेते. अप्पांना हे अजून ठाऊक नाही, आज सांगणार आहे." मग ती म्हणाली, "अक्का, तुझे पप्पा माझ्या खोलीच्या दाराबाहेर स्टूल टाकून बसायचे. दर शनिवारी. दार उघड असं कधी म्हणाले नाहीत. त्यांच्या त्या विचित्र तमिळमध्ये कारखान्यातल्या गोष्टी सांगायचे. मी सातव्या शनिवारी दार उघडलं. रविवारी हे नाही सांगितलंस तर मी सांगेन."

सात शनिवार, पप्पा! आम्हाला म्हणायचात, ओव्हरटाइम आहे! काल मी मम्मीला सांगितलं. मम्मी आधी हसली, मग पदर डोळ्यांना लावला, मग म्हणाली, "खोटं बोललो म्हणून मंडळीपुढे कबूल केलं, आणि घरात सात शनिवार ओव्हरटाइम!"

बुधवारी मी हो म्हणाले, आज तंगराज अंकलना फोन करून नाही म्हणाले. त्यांनी एवढंच विचारलं, "सेल्वीचं नाव घेणार?" मी म्हटलं, तिचं ती ठरवेल अंकल, मी माझ्याबद्दल आणि पप्पांबद्दल बोलणार. त्यावर त्यांनी 'स्तोत्रम' न म्हणताच फोन ठेवला. उद्या ते येतील की नाही, मला माहीत नाही.

पण मी उभी राहणार आहे. वचन देते, पप्पा. मी आधी माझं नाव सांगेन, मग माझ्या आजाराचं नाव सांगेन, मग सांगेन की ह्या मंडळीत एका माणसाने आपली सगळ्यात मोठी साक्ष मागे घेतली आणि त्यामुळे निदान दोन मुली आज जिवंत आहेत. आणि कुणी माईक बंद केलाच, तर हरकत नाही. आवाज मला तुमचाच मिळालाय.

तुमची,
कृपा