पाच सुरांची मोळी

२ जून
चि. धाकटीस,
अ. आ.

तुझ्या बँडने तुझी पियानोची खुर्ची मला दिली. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरच्या धाकात फक्त प्रार्थना वाजवलेल्या बाईला जॅझ! अडला हरी तो हाच. दारात चेमटून तुझ्या डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट वाकेना, म्हणून तू पियानोला कुलूप लावलंस आणि भोग माझ्या वाट्याला आले.

कागदावर ‘सी नाइन्थ’ ही कॉर्ड लिहिलीय, एकदम वाजवायची पाच सुरांची मोळीच. सी, ई, जी, बी फ्लॅट, डी. पाचही सूर डाव्या हातात धरायला गेले तर मनगटातून कळ निघाली. बेसवाला म्हणाला, ताई, सुरांचा चिखल होतोय, इन्व्हर्जन घ्या. कुठून घेऊ, वाण्याकडून?

माया आटली नसेल तर उत्तर दे.
तुझी ताई

९ जून
ती. ताईस,
सा. न.

पाहुणे आले की सगळ्यांना एकाच खुर्चीत बसवतेस का गं? सी सोड. तो पायाचा सूर, बेसवाला वाजवतोच. तूही वाजवतेस म्हणून चिखल. जी पण सोड. तो लग्नातल्या लांबच्या काकांसारखा, आला नाही तरी कुणी विचारत नाही. उरले ई, बी फ्लॅट, डी. तरी हात ताणतोय? मग खालचा ई उचलून डीच्या वर ठेव. माणसं तीच, खाली बसणारा बदलला. हेच तुझं इन्व्हर्जन. आता तिघं मुठीत मावतील.

माझा पियानो विकायला काढलाय. पाचातली दोन गेल्यावर हात कसला, चिमटा.

रागावलीस तरी माझीच राहा.
धाकटी

१७ जून
चि. धाकटीस,
अ. आ.

तू सांगितलंस तसं वाजवलं. बेसवाला हसला, त्याला दात आहेत हे प्रथमच कळलं. चिखल गेला, आणि गंमत म्हणजे कॉर्ड आधीपेक्षा भरलेली वाटली.

तर विदुषीबाई, पाचातले दोन गेले तरी कॉर्ड पुरी होते, हे तुझंच म्हणणं. उरलेल्या तिघांना मी अंगठा आणि जवळची दोन बोटं लावली. करंगळी नुसती बसून होती, तिच्या शेजारचंही.

पियानो विकलास तर याद राख. शनिवारी सरावाला ये. खुर्ची तुझी, मी पानं उलटीन.

येशील तेव्हाच आशीर्वाद पुरे देईन.
ताई

२० जून
ती. ताईस,
सा. न.

कुलूप काढलं. तीन बोटांत तिघं बसली. शनिवारी येते. पानं मात्र वेळेवर उलट. सवयीने मध्येच हात जोडून उभी राहू नकोस.

तुझी,
धाकटी