कॉट म्हणजे आपली खाटच

धनज. शनिवार, १२ जानेवारी १९७४

आज ह्यायले दवाखान्यातून घरी आणलं. चार दिवस तिथं फरशीवर निजवलं होतं. आमच्यात माणूस जायच्या वेळेस त्याले खाटेवरून भुईवर घेतात, आन् हे तर पहिल्या दिवसापासूनच भुईवर. मी रोज नर्सबाईच्या मागं लागली नाही असं नाही. ती म्हणे, "कॉट रिकामी नाही, मावशी."

तिथंच बसल्या बसल्या आमची कुसुम म्हणाली, "माय, कॉट म्हणजे आपली खाटच. मास्तर सांगत, इंग्रज इथं आले तवा हा शब्द आपल्याकडूनच उचलला. आधी जहाजातल्या टांगत्या बिछान्याले म्हणत, मंग दवाखान्यातल्या पलंगाले."

मी म्हटलं, "मंग मास्तरले म्हण, एक वापस मागून आणा."

हे हसले. चार दिवसांत तेवढंच.

अर्ध्या गावाच्या खाटा ह्यायनं विणल्या. शब्द आपला, खाट आपली, आन् विणणारा फरशीवर. कोणाले बोलू?

सकाळी डॉक्टर म्हणाले, घरी न्या. काहून, ते मी विचारलंच नाही.

घरी ह्यायले त्यायच्याच खाटेवर निजवलं. बोटानं चाचपून म्हणाले, "पायथ्याची दोरी ढिली झाली, आवळ." मी आवळली.

दिवस बुडता थोरल्या जाऊबाई आल्या. खाटेशेजारची भुई सारवून गेल्या. मी त्यायले थांबवलं नाही.

सारवण ओलंच आहे. ते सुकेपर्यंत तरी ह्यायले कोणी खाली घेणार नाही.