केंजीसाठी चीवर

प्लेनो, टेक्सास, गुरुवार संध्याकाळ

डोकं फिरलंय आज. कुस्तीच्या शोचे कपडे शिवते म्हणून काय वाट्टेल ते शिवायचं? बॉसला आमच्या जपानी पैलवानाला, केंजीला, भिक्खू करायचंय. म्हणजे चीवर घालून रिंगमध्ये यायचं, आशीर्वाद द्यायचा आणि मग भिक्षापात्र समोरच्याच्या डोक्यात हाणायचं. "तू बुद्धिस्ट ना? तूच शीव!" अरे, नागपूरला दारात नुसतं चीवर दिसलं तरी आई हातातलं टाकून वंदनाला धावते!

मापं घेताना केंजीवरच भडकले. "तू सरळ 'नाही' का म्हणत नाहीस?"

तो हसला. "ओसाकात मला काउबॉय केलं होतं. का, तर मी टेक्सासला ट्रेनिंग करून आलो होतो. टोपी, दोर, सगळं."

"मग स्वतःसारखा कधी लढलास की नाही?"

"अगदी सुरुवातीला. साध्या काळ्या चड्डीत."

"मग तीच घाल ना, यार!"

"तेव्हा मला बघायला कोणी येत नव्हतं."

चीवराचं कापड मशीनवर तसंच पडलंय. नोकरी गेली तर जाऊ दे, ते मी शिवणार नाही. काळी चड्डी तेवढी शिवून टाकली, त्याच्या मापाची. मागितली कोणीच नव्हती.