पितृपंधरवड्यातली मोजणी

उदगीर

प्रिय विशाखा,

फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, म्हणून. काल कपाट आवरताना माझी गाड्यांच्या मोजणीची जुनी वही सापडली. चार उभ्या रेघा, त्यांवर एक तिरपी, झाल्या पाच गाड्या. पानंच्या पानं तसलीच. तू आता नांदेडच्या ऑफिसात बसून कॅमेऱ्यानं मोजतेस. मी आणि माझ्या खात्यातला मल्लिनाथ उदगीर रोडला बाभळीखाली सतरंजी टाकून मोजायचो, पाळीपाळीनं, सात दिवस. पारूबाईच्या टपरीवरचा चहा इतका गोड की ओठ चिकटायचे. ते दिवस लई आठवतात. मिशीसुद्धा काळी होती तेव्हा.

त्या वर्षी तुझ्या आईला पाचवा महिना होता. आधी दोनदा गर्भ पडलेला. यंदा टिकलं तर नवरात्रात माहूरला येऊन ओटी भरीन, असं ती रेणुकामातेला बोलली होती. आणि आमची मोजणी नेमकी नवरात्रात लागलेली. मी साहेबांच्या मागं लागून ती अलीकडं ओढली, पितृपंधरवड्यात. पारूबाई पहिल्याच दिवशी म्हणाली, सायब, पित्तरपाटात काय मोजून राहिले, कुणी नवं काही घेत न्हाई, मोंढ्यातला बाजार झोपलाय, दसऱ्याला या, बोटं दुखतील. मी हसलो. टपरीवालीला रस्त्याचं काय कळतं, असं मनात आलं.

माहूर झालं, माघात तू झालीस. त्याच वहीवरून रस्त्याच्या टोलचा करारही झाला. गाड्या कमी दिसल्या की कंपनीचा पैसा सुटायला वर्षं जास्त द्यावी लागतात, हे तुला मी काय सांगू. तीस वर्षं दिली. गाड्या निघाल्या दीडपट. वीसेक वर्षांतच नफ्यासकट सगळं वसूल झालं असणार. कंपनीनं लबाडी केली नाही बरं का, कागद माझा होता. शेजारचा दयानंद भाजीचा टेम्पो घेऊन रोज त्या नाक्यावरून जातो. कधी त्याच्यासोबत गेलो तर तो पैसे देताना मी खिडकीबाहेर बघत बसतो. तुझ्या आईला शेवटपर्यंत सांगितलं नाही. तिला आपला नवस बाटल्यासारखा वाटला असता.

परवा तू म्हणालीस, नव्या नांदेड-लातूर रस्त्याची मोजणी पितृपंधरवड्यात उरकते, म्हणजे नवरात्रात तुमच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला लातूरला येता येईल. तसं करू नकोस. एक आठवडा मोंढा सुस्त असतानाचा घे, एक सोयाबीनच्या गाड्यांची रांग लागते तेव्हाचा घे, आणि मग वर्षं ठरव. कंपनीचंही बुडू नये, रस्त्यावरच्या माणसाचंही. ऑपरेशनला माझ्यासोबत मल्लिनाथ येतोय. घोरतो, पण भरवशाचा आहे. तू झालीस याचा आनंद मला आजही रोज होतो, पण त्या घाईची लाज वाटते. मी मायेपोटी घाई केली, पोरी, आणि तिचा टोल लोक अजून भरून राहिलेत.

तुझाच,
बाबा