साठ चिंचोके, एक लाल तार

बसवकल्याण,
दि. ७ ऑगस्ट १९८३

चि. भीमराज यास आक्काचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

वि. वि. आम्ही सगळे ठीक आहोत. तुझं पत्र येत नाही, म्हणून तूही ठीकच असशील असं धरून चाललो आहोत. ही चिठ्ठी आणि तुझी गिटार दोन्ही दाजींच्या हाती पाठवते आहे. ते गुलबर्ग्याला तांब्याची तार आणायला येतायत. गाडीत गिटार मांडीवर घेऊन बसा, टपावर टाकू नका, असं मी त्यांना चार वेळा बजावलंय.

तुझ्या गिटारच्या तारांखाली आवाज पकडणारे दोन पिकअप आहेत, त्यातलं एक मेलं होतं, ते मी नव्याने गुंडाळलं. विहिरीवरच्या मोटारींत तारेचे वेढे बांधून हात बसलेला, त्यामुळे वाटलं हे काय मोठं काम. पण ती तार केसाहून बारीक. तीनदा तुटली, तिन्ही वेळा मी रडकुंडीला आले. शेवटी कोहिनूर गावाहून माय आली होती तिलाच शेजारी बसवलं. मी दांडा फिरवायचा आणि शंभर वेढे झाले की तिने एक चिंचोका मांडायचा. साठ चिंचोके झाले तेव्हा कॉइल पुरी झाली. मध्ये शेजारच्या कलाबाई गप्पा मारायला आल्या, तर मायने तोंडावर बोट ठेवून त्यांना दारातूनच परत लावलं. त्या अजून फुगून आहेत.

आता खरी गंमत ऐक. जोडताना नव्या पिकअपची दोन टोकं माझ्याकडून उलटी लागली. एकेक वाजवलं तर काही कळलं नाही. दोन्ही एकदम चालू केली आणि आवाज एकदम बारीक झाला, नाकातला, भिंतीपलीकडे कोणी बाई एकटीच गुणगुणत असावी तसा. दाजी म्हणाले, बिघडलं, सरळ कर. मला सरळ करवेना. मग आपल्या मोडक्या रेडिओतला बँडचा स्विच काढून बसवला. खटका खाली असला की तुझा नेहमीचा आवाज, वर केलास की हा.

रस्त्यात एखादी तार सुटली तर जोडून घेता यावी म्हणून जोडणीची आकृती काढून दिली आहे, सुजाताच्या दप्तरातल्या निळ्या आणि लाल पेनाने. कागद दुसऱ्या कोणाला देऊ नकोस.

एक मागते. इथं मी बांधलेली प्रत्येक मोटार मारोतीने, म्हणजे तुझ्या दाजींनी, बांधली म्हणून जाते. घरचंच आहे, मला त्याचं काही नाही. पण हा आवाज माझा आहे. कोणी विचारलं तर माझ्या बहिणीने केलाय एवढं सांग. बाकी काही नको.

तब्येतीला जप, वेळेवर जेव, आणि वर्षातून दोन पत्रं लिहिलीस तर बोटं झिजणार नाहीत.

तुझी,
आक्का


गुलबर्गा,
दि. २१ ऑगस्ट १९८३

ती. आक्का आणि ती. दाजी यांस भीमराजचा सप्रेम जयभीम.

वि. वि. हे बघ, बोटं झिजवायला बसलो आहे. गिटार पोचली. दाजींनी ती खरंच मांडीवर आणली. त्यांच्या पायांना इतक्या मुंग्या आल्या होत्या की स्टँडवर उतरून ते पाच मिनिटं खांब धरून उभे होते.

आक्का, तू काय केलंस हे तुला तरी कळलंय का? परवा शहाबादला कार्यक्रम होता. बाबासाहेबांवरच्या एका गाण्यात शेवटच्या कडव्याला मी खटका वर केला आणि अख्खा मंडप पुढे सरकला. म्हाताऱ्या बाया डोळे पुसत होत्या. आमचा निवेदक नरसिंग धावतच आला, म्हणाला, मास्तर, हे काय काढलंत? मला आजवर कोणी मास्तर म्हटलं नव्हतं. मी म्हणालो, घरचंच काम आहे.

कागद शर्टाच्या खिशात जपून ठेवला आहे. मायला सांग, चिंचोके फेकू नकोस.

माया आहे ती अशीच राहू दे. सुजाताला गालगुच्चा.

तुझा,
भीमराज


बसवकल्याण,
दि. १२ जानेवारी १९८४

चि. भीमराज यास आशीर्वाद.

वि. वि. आज खुशालीचं राहू दे, आधी विचारायचं ते विचारते.

परवा भालकीचे हावगेप्पा म्हणून एक गृहस्थ जळालेली मोटार घेऊन दुकानात आले. लग्नाच्या बँडमध्ये गिटारही वाजवतात. मोटार ठेवली आणि भीतभीतच म्हणाले, अक्का, तुम्ही एवढं कॉइलीचं काम करता, माझी गिटार लई घुमायलीय, नुसती घूं करायलीय, जरा बघता का? मी उघडली. आत खटका होता. जोडणी माझी होती. आणि एक लाल तार होती, माझ्या कागदावर आहे तशीच, त्याच वळणाने नेलेली. ती लाल तार मी कामून घातली हे माझ्याशिवाय जगात कोणालाच ठाऊक नाही, भीमराज. तुलाही नाही.

कोणी केलं म्हणून विचारलं, तर म्हणाले, गुलबर्ग्याचे भीमराज मास्तर करून देतात, त्यांचाच शोध आहे, आम्ही सगळे याला भीमराज खटका म्हणतो. त्यांच्या ओळखीच्या सहाजणांनी करून घेतलाय म्हणे. मी त्यांना पाणी दिलं, चहा दिला आणि गिटारही दुरुस्त करून दिली. माझा भाऊ आहे असं काही माझ्या तोंडून निघालं नाही.

डिसेंबरात आलास तेव्हा मी कागदाचं विचारलं होतं. शर्टासोबत धोब्याकडे गेला, त्याचा लगदा झाला, असं तू माझ्या ताटात जेवत सांगितलंस. मी तुलाच समजावलं की जाऊ दे, दुसरा काढून देते.

दाजी म्हणतात, भाऊच हाय, सोडून दे. मला सोडता येईना. तू दुसऱ्या कोणाला ठकवलं असतंस तर मी तुझी बाजू घेऊन भांडले असते. मला कामून ठकवलंस?

उत्तर धाड.

तुझी,
आक्का


गुलबर्गा,
दि. ३० जानेवारी १९८४

ती. आक्का हिस भीमराजचा हात जोडून जयभीम.

वि. वि. तुझं पत्र दहा दिवस उशाखाली आहे. लिहायला बसायचो आणि उठायचो.

धोब्याचं खोटं होतं. कागद आहे. पण आक्का, माझं ऐकून घे. सुरुवातीला एकाला मी खरंच सांगितलं होतं की बहिणीने केलंय. त्याने गिटार उलटीपालटी केली, हसला आणि म्हणाला, मोटारी बांधणाऱ्या बाईकडून? आणि पाच मिनिटांत दहा चुका काढल्या. दुसऱ्याने विचारलं तेव्हा मी गप्प राहिलो, तर तो पाया पडला. आवाज तोच होता. मग गप्पच राहायची सवय लागली. गुलबर्ग्यात मला आता लोक खुर्ची देतात. आपल्या घरात कोणाला कोणी खुर्ची दिली होती, सांग.

पण चूक ती चूक. चौदा एप्रिलला जयंतीला आमचा कार्यक्रम बसवकल्याणलाच ठरला आहे. तिथं हजार माणसांसमोर मी तुझं नाव घेणार. मायला कोहिनूरहून बोलावून घे, दोघी पुढेच बसा. माझा शब्द आहे.

रागाव, पण तोडू नकोस.

तुझा,
भीमराज


बसवकल्याण,
दि. १६ एप्रिल १९८४

भीमराज यास,

मी मायला बोलावलं होतं. ठेवणीतलं लुगडं नेसून ती सकाळच्याच गाडीने आली. कलाबाईंना नेलं, गल्लीतल्या शकुबाईंना नेलं. मीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, हे तुला कळायला हवं. ऊन उतरल्याबरोबर जाऊन आम्ही पहिली रांग धरली. दाजींनी दुकान बंद ठेवलं आणि इस्त्रीचा शर्ट घातला.

नरसिंगने माईकवर सांगितलं की या गिटारमधला आवाज सबंध जिल्ह्यात दुसरीकडे नाही आणि तो भीमराज मास्तरांनी स्वतः शोधून काढलाय. मला वाटलं, आता तू माईक घेशील. तू घेतलासही. माझ्याकडे पाहिलंस. मग पाहुणा म्हणून खुर्चीवर बसवलेल्या हैदराबादच्या वाद्यांच्या दुकानदाराकडे पाहिलंस आणि म्हणालास की या आवाजासाठी मी दोन वर्षं घासलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझेही हात टाळीला वर आले होते, ते तसेच राहिले.

शकुबाई माझ्याकडे बघेनात. कलाबाईंनी मात्र माझा हात धरला. फुगलेल्या बाईने धरला, सख्ख्या भावाने सोडला.

तू मायसाठी साडी आणली होतीस आणि कोहिनूरपर्यंत जीपने सोडतो म्हणालास. तिने तुझ्यासमोरच ती साडी खुर्चीवर ठेवली आणि माझ्यासोबत पायी घरी आली. वाटेत एवढंच म्हणाली, साठ चिंचोके म्या मांडले, तवा ह्यो कुठं व्हता? आणि घरी आल्यावर एकदम रडायला लागली. आबा गेले तेव्हाही मी तिला अशी रडताना पाहिली नव्हती.

मी पहिल्यांदा फसले तेव्हा मला राग आला होता. यावेळी मी माझ्या पायांनी चालत फसायला आले, सोबत म्हाताऱ्या आईला घेऊन. याचं मला फार वाईट वाटतंय.

इतर मजकूर सुचत नाही.

आक्का


हैदराबाद,
दि. ९ जून १९८४

ती. आक्का हिस भीमराजचा जयभीम.

वि. वि. तू पत्राला उत्तर देणार नाहीस असं वाटत होतं, म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. जयंतीला माझी जीभ उचलली नाही. तो दुकानदार मला इकडे वाद्यदुरुस्तीच्या कामावर घ्यायचं म्हणून खास बघायला आला होता. तुझं नाव घेतलं असतं तर त्याने तुला विचारलं असतं, मला नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे ते लिहिलं.

त्याने घेतलं मला. महिना झाला. पण इथं एक जुने कारागीर आहेत, चाळीस वर्षांचे मुरलेले. मी जोडलेल्या तीन गिटारी त्यांनी उघडल्या आणि दुकानात सगळ्यांदेखत दोनच गोष्टी विचारल्या. एक, खटका वर केला की हे घुमतं कामून? दोन, ही लाल तार कशासाठी घातली? मी म्हणालो, त्यात माझी एक युक्ती आहे, सवडीने सांगतो. ते हसले आणि म्हणाले, सोमवारपर्यंत सवड काढा. तो सोमवार गेला. दुसरा तोंडावर आलाय. मालकही आता विचारतात.

आक्का, माझ्या पहिल्या गिटारीत घूं होत नाही, बाकी सगळ्यांत होतं. कागदावरची रेघ न् रेघ मी पाळली आहे. लाल तारेशिवाय एकही गिटार मी दिली नाही, आजवर अकरा केल्या. ती कशासाठी आहे, एवढं कळव. मी तुझा लहान भाऊ आहे.

पत्राची वाट डोळ्यांत प्राण आणून पाहतो आहे.

तुझा,
भीमराज


बसवकल्याण,
दि. १८ जून १९८४

भीमराज यास,

पत्र मिळालं. मी मायला वाचून दाखवलं. तिने पूर्ण ऐकलं आणि भाकरी थापायला गेली.  सुजाता सातवीत गेली. दाजींना गुडघ्याचा त्रास आहे.

हावगेप्पांनी भालकीहून आणखी दोघांना धाडलं, त्यांच्याही गिटारी घुमत होत्या. ते दारात येऊन दाजींना नाही, मला विचारतात. मी नीट करून देते. ते कसं, हे कागदावर नाही. मोटार बांधताना आम्ही जे पहिल्यांदा बघतो तेच मी तुझ्या पिकअपमध्ये बघितलं आणि तिथल्या तिथे हाताने करून टाकलं, काढून दाखवण्यासारखं त्यात काही वाटलं नाही. हैदराबादेत मोटारी बांधणारे गल्लोगल्ली आहेत. कोणालाही विचार, उभ्याउभ्या सांगेल. एखादी बाई भेटली तर तिलाही विचारायला हरकत नाही.

आता लाल तारेचं. विचारलंस म्हणून सांगते, आणि हे मला विचारावं लागलं हे त्या कारागिरांना सांगायचं की नाही ते तू ठरव.

ती कशासाठीच नाही. आपल्या मोडक्या रेडिओतून मी स्विच काढला तेव्हा त्याचा तार जोडायचा एक पाय तुटला होता. नवा आणायला इथं मिळत नव्हता. म्हणून शेजारच्या रिकाम्या पायावरून लाल तारेने वळसा घालून ते काम भागवलं. तू बाजारातून कोरे, सगळे पाय धड असलेले स्विच आणलेस आणि अकरा गिटारींत माझा मोडका पाय जोडत हिंडलास.

मी तुला हे आधीच सांगितलं असतं. घरी येऊन, आक्का, हे असं कामून, एवढं एकदा विचारलं असतंस, तर तुला शेजारी बसवून सगळं शिकवलं असतं. माय चिंचोके मांडायला होतीच.

लोभ पुष्कळ होता.

शोभाबाई
कॉइल बांधणारी, बसवकल्याण