हरीश ट्यूसडेची शेड

मी, हरीश दत्ताराम खवणेकर, वय वर्षे पंचाहत्तर, मूळ गाव खवणे, तालुका वेंगुर्ला, त्यानंतरचे गाव पोर्टकेर्न, स्कॉटलंड, हल्ली मुक्काम मुलीकडे, एश्बॉर्न, जर्मनी, धंदा होड्यांची इंजिने दुरुस्त करणे (आता निवृत्त), असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघा नाही, पण मृत्युपत्राला गुडघा लागत नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. माझी मुलगी अरुंधती रोज सकाळी गोळ्यांची डबी घेऊन दबाव आणते, परंतु तो वेगळ्या कारणासाठी.

याआधी जावई मयुरेश याने लॅपटॉपवर माझे एक मृत्युपत्र तयार केले होते. फार सुबक होते. ते घेऊन आम्ही नोटारकडे गेलो, तर त्या बाई म्हणाल्या, घरी करायचं असेल तर पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत स्वतःच्या हाताने लिहावं लागतं, छापलेलं चालत नाही. भाषा कुठलीही चालते. साक्षीदारही लागत नाहीत. मी म्हटलं, भाषेबद्दल आभार, पण साक्षीदार मी घेणारच. दोन माणसांच्या सह्यांवाचून केलेलं मृत्युपत्र खवण्यात कोणी मानलं नसतं.

मयुरेशची दुसरी चूक जास्त मोठी होती. त्याने लिहिलं होतं, ‘अवजारे जॉर्ज रीड, राहणार पोर्टकेर्न, यांस द्यावीत.’ आता पोर्टकेर्न हे दीड गल्लीचं बंदर. निम्मं गाव रीड, त्यात आजोबाचं नाव नातवाला ठेवायची चाल. धक्क्यावर उभं राहून ‘जॉर्ज रीड’ अशी हाक मारली तर पाच-सहा टोप्या वळतात. म्हणून तिथे माणसाला टोपणनाव असतं. टी-नेम म्हणतात त्याला. ते चेष्टेपुरतं नसतं, पक्कं असतं. पोस्टमन तेच बघून पत्र टाकतो, आणि समुद्रात गेलेल्यांच्या नावांची चर्चजवळ भिंत आहे, तिच्यावरही आडनावापुढे तेच कोरलेलं आहे. तिथल्या एका जुन्या तांडेलाने ‘माझी होडी पुतण्या अलेक्झांडर याला’ एवढंच लिहून डोळे मिटले. त्या नावाचे पुतणे निघाले चार. त्यांचं भांडण मिटेपर्यंत होडी वाळूत कुजली आणि तिच्या फळ्या शेकोटीला गेल्या. पुण्याच्या जावयाला हे कुठून माहीत असणार?

माझं टोपणनाव ट्यूसडे. १९७९ साली सप्लाय बोटीवरची नोकरी सोडून मी तिथल्या इंजिन वर्कशॉपला लागलो. इंजिन कधी मिळेल असं कोणी विचारलं की मी म्हणायचो, ‘ट्यूसडे.’ कुठला ट्यूसडे हे मी सांगत नसे. वर्षभरात मी हरीश ट्यूसडे झालो, ब्रिटिश पासपोर्ट मिळाला त्याच्या कितीतरी आधी.

हे मृत्युपत्र खरं म्हणजे मी एका शेडसाठी लिहितो आहे. बाकीचं वाटप दोन ओळींत झालं असतं. ती शेड आपल्याच घरातल्या कोणाकडे जावी असं मला फार वाटतं, आणि तसं करता येत नाही. का, ते कलम पाचमध्ये येईल.

कलम एक. माझ्या अस्थी पोर्टकेर्न बंदराच्या तोंडाशी, जिथे माझी पत्नी ऊर्मिला हिच्या सोडल्या, तिथेच सोडाव्यात. इथे जर्मनीत अस्थी घरी देत नाहीत, परगावी न्यायच्या तर बरेच फॉर्म्युलार भरावे लागतात. ते काम मयुरेशने करावे. त्याला फॉर्म भरायला मनापासून आवडतं आणि माझ्यासाठी काहीतरी केल्याचं समाधानही मिळेल.

कलम दोन. पोर्टकेर्नमधील हार्बर स्ट्रीटवरचे राहते घर आणि बँकेत जे काही उरेल ते अरुंधतीचे. घर तिने खुशाल विकावे. माझी काही तक्रार नाही, ते घर ऊर्मिला असेपर्यंतच घर होतं. ऊर्मिला तिथल्या फिश हाउसमध्ये कामाला लागली तेव्हा तिने पहिल्याच दिवशी माशांची डोकी घरी नेऊ का म्हणून विचारलं. बायकांना वाटलं हिच्याकडे मांजरं आहेत. मग तिने तिरफळं घालून डोक्यांचं कालवण केलं आणि सगळ्यांना जेवायला बोलावलं. त्यानंतर डोकी मिळवायला तिला रांगेत उभं राहावं लागे, आणि याबद्दल ती शेवटपर्यंत कुरकुरत होती.

कलम तीन. ऊर्मिलाचा पाटा-वरवंटा, जो तिने माझं न ऐकता बोटीतून आणला, तो बंदरावरच्या कँटीनला द्यावा. तिथे शुक्रवारी अजून ते कालवण करतात. मिक्सर वापरतात असं कानावर आलं आहे. वापरू नये.

कलम चार. माझी अवजारे कोणा एकाला न देता शेडमध्येच ठेवावीत. ज्याला जे लागेल ते त्याने न्यावे आणि परत आणावे. परत आणण्याची अट विशेषकरून जॉर्ज रीड ‘किंग’ याला लागू आहे. माझा मोठा पाना त्यालाच बक्षीस दिला आहे असे समजावे, कारण तो वर्षानुवर्षे त्याच्याचकडे आहे. नारळाचे कामही यापुढे किंगनेच करावे. पहिल्या वर्षी नारळी पौर्णिमेला ऊर्मिलाने आणि मी बंदराच्या तोंडाशी नारळ सोडला, तेव्हा या किंगने होडी काढून, गळाने ओढून तो परत आणला. ‘ट्यूसडे, तुझा हा पडला होता,’ म्हणाला. मी पुन्हा सोडला, त्याने पुन्हा आणला. अखेर ऊर्मिलाने त्याला धक्क्यावर बसवून समुद्राची पूजा म्हणजे काय ते समजावलं. आता गावच्या उन्हाळी जत्रेची सुरुवातच नारळाने होते, आणि वाजतगाजत तो किंगच सोडतो. त्याने शेंडी काढलेला नारळ आणू नये.

कलम पाच. शेड. पोर्टकेर्नच्या धक्क्यावर डांबराने काळ्या केलेल्या लाकडी शेड्सची रांग आहे. हेरिंग मासळीच्या दिवसांत बंदरात इतक्या होड्या लागत की एकीवरून दुसरीवर पाय ठेवत पलीकडे जाता येई, असं तिथली म्हातारी माणसं त्यांच्या म्हाताऱ्यांकडून ऐकल्याचं सांगतात. तेव्हा शेड्समध्ये जाळी असत. बाहेर वाऱ्यात बायका बोटांना चिंध्या बांधून मासळी साफ करत आणि मिठात घातलेली पिंपं जहाजाने जर्मनीला जात. हेरिंग संपली, पिंपं थांबली. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी पोर्टकेर्नहून जर्मनीला आलेला माल म्हणजे मी.

मग दुसरी मासळी आली, तीही आटली, आणि सरकारच्या योजनेत होड्या मोडीत निघाल्या. धक्का ओस पडला. तेव्हा मार्गारेट रीड ‘बॉबिन’, म्हणजे आमची मॅगी, हिने शाळेच्या हॉलमध्ये गाव जमवलं आणि म्हणाली, मासे नसले म्हणून वल्हवायला काय हरकत आहे? गावाने मिळून वल्ह्यांची एक लांब होडी बांधायला घेतली, ती माझ्या शेडमध्ये. कधी खिळा न ठोकलेली माणसं रंधा मारायला येत आणि माझ्या शिव्या खात. आता आजूबाजूच्या बंदरांशी शर्यती होतात. ती होडी अजून माझ्याच शेडमध्ये राहते. ज्याची शेड, त्याने होडी सांभाळायची.

कागदावर शेडचा मालक ती कोणालाही देऊ शकतो. रिवाज मात्र असा, की शेड टोपणनाव असलेल्या माणसाकडेच जाते. टोपणनाव मागून मिळत नाही, विकत मिळत नाही, वारशानेही मिळत नाही. एडिंबराच्या एका गृहस्थांनी आमच्या रांगेतली एक शेड घेतली, तिला फिकट निळा रंग दिला, पडदे लावले. वादळात छप्पर उडालं तेव्हा अख्खं गाव मदतीला धावलं, पण चहाला कोणी थांबलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात ते विकून गेले.

अरुंधती पोर्टकेर्नमध्ये वाढली ती पुस्तकात डोकं खुपसून. ‘ट्यूसडेची मुलगी’ एवढीच तिची ओळख, ते काही टोपणनाव नव्हे. मयुरेशने मला शेडबद्दल स्लाइड्स दाखवल्या. ‘बाबा, टॉप फेरीएनवोनुंग होईल, गेस्ट्सना भाड्याने देता येईल. सी-व्ह्यू आहे ना?’ मुलगा वाईट नाही, पण त्याला समुद्र खिडकीतूनच बरा वाटतो. नात स्पृहा सतरा वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये देते. गेल्या उन्हाळ्यात माझं गुडघ्याचं ऑपरेशन होतं म्हणून ती एकटीच मॅगीकडे राहून आली. काय केलंस विचारलं तर म्हणाली, ‘वार शोन.’ छान होतं. संपलं.

सबब सदर शेड, होडीच्या जागेसह, पोर्टकेर्न हार्बर कमिटीला द्यावी. कमिटी योग्य माणूस शोधेल. हे लिहिताना मला आनंद होत नाही. ज्या दाराला मी रोज हात लावला, त्याला पुढे आमच्यातल्या कोणाचाच हात लागणार नाही, याचं मला वाईट वाटतं. पण रिवाज तो रिवाज. माझ्या सोयीसाठी मोडला तर मी त्या निळ्या शेडवाल्यापेक्षा वेगळा कसा?

कलम सहा. मॅगीने विणलेला माझा गान्सी, म्हणजे तिथल्या कोळ्यांचा लोकरी स्वेटर, मयुरेशला द्यावा, त्याला बारा महिने थंडी वाजते. खालच्या मजल्यावरच्या ज्या बाईंनी बाल्कनीतल्या सुक्या बोंबलांबद्दल इमारतीची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टरकडे तक्रार केली, त्यांना तेच बोंबील एक पाकीटभर, तळून, लिंबाच्या फोडीसह द्यावेत. माझा राग गेलेला नाही. तरी त्यांनी एकदा खाऊन बघावेत.

मॅगीला काही ठेवलेले नाही, कारण ती साक्षीदार आहे आणि साक्षीदाराने काही घेऊ नये असं आमच्याकडे मानतात. तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘पन्नास वर्षांची ओळख आणि मला फक्त सही करायची?’ ओळख पंचेचाळीस वर्षांची आहे. ती सगळंच वाढवून सांगते.

कलम सात. वरील सर्व काल लिहिले. हे आज लिहितो आहे.

मॅगी ख्रिसमसचा बाजार बघायला म्हणून इथे आली आहे. आपण कशावर सही करतो ते आधी कळलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. म्हणून शेजारचा शिरीष, जो आयटीत आहे आणि दुसरा साक्षीदार आहे, तो आज सकाळी स्वयंपाकघरात तिला एकेक कलम इंग्रजीत सांगत होता. आम्ही सगळे तिथेच होतो. कलम पाच ऐकून मॅगीने कप खाली ठेवला.

‘कमिटीला कशाला?’ ती म्हणाली. ‘कमिटीत मीच आहे. आम्ही ती कोणाला देणार? गेनाऊलाच ना?’

‘गेनाऊ कोण?’ मी विचारलं.

मॅगीने स्पृहाकडे बोट दाखवलं.

गेनाऊ म्हणजे ‘बरोब्बर’. इथली पोरं श्वासागणिक म्हणतात. झालं होतं असं, की शर्यतीच्या आदल्या दिवशी एका बाईचा हात मुरगळला आणि तिच्या जागी स्पृहाला बसवलं. मॅगी सुकाणूवर. मॅगी ओरडली, ‘लांब ओढा!’ स्पृहा म्हणाली, ‘गेनाऊ.’ ‘पाठ सरळ!’ ‘गेनाऊ.’ मॅगी काहीही ओरडली की पुढून शांतपणे ‘गेनाऊ’. अर्ध्या शर्यतीत सगळ्या बायकांना हसू फुटलं आणि होडी शेवटून दुसरी आली. संध्याकाळी कँटीनमधली बाई विचारत होती, ‘गेनाऊ जेवली का?’ ती उरलेला सगळा महिना पहाटे उठून सरावाला गेली, होडीच्या तळाला रंग दिला, किंगशी वाद घालून वल्ही घासू नयेत म्हणून त्यांना गुंडाळलेली कातडी बदलली. यातलं एक अक्षर तिने आम्हाला सांगितलं नव्हतं.

‘मॅगीमावशी, तू चेष्टा करतेस,’ अरुंधती म्हणाली.

‘याची चेष्टा करत नाहीत, हे तुला माहीत आहे. परवा किंग मला विचारत होता, गेनाऊ यायच्या आत सुकाणू नवीन करून ठेवू का.’

‘मग मला कोणी का सांगितलं नाही?’ मी विचारलं.

‘तुझी नात. तुला माहीत असेल असंच सगळ्यांना वाटलं.’

स्पृहा लाल झाली होती. ‘आल्झो, ते मला तशी हाक मारतात,’ ती मॅगीसाठी इंग्रजीत म्हणाली, ‘पण मला वाटलं, ते मला हसतात.’

‘हसतातच,’ मॅगी म्हणाली. ‘तुझ्या आजोबांना आम्ही पंचेचाळीस वर्षं हसतोय.’

मला रडू आलं. मी बाल्कनीत जाऊन रडलो. डिसेंबरात तिथे कोणाचंही नाक गळतं, त्यामुळे काही सांगावं लागत नाही. इतका आनंद मला पासपोर्ट मिळाला तेव्हाही झाला नव्हता.

सबब कलम पाचमधील वाटप रद्द. धक्क्यावरची शेड, होडीच्या जागेसह, माझी नात स्पृहा मयुरेश साठे ‘गेनाऊ’ हिला द्यावी. ती अठरा वर्षांची होईपर्यंत किल्ली जॉर्ज रीड ‘किंग’ याने सांभाळावी. मयुरेशने शेडमध्ये पलंग ठेवू नये.

दुपारी स्पृहा माझ्या खोलीत आली आणि तिने विचारलं, दारावर तुमचं नाव आहे, त्याचं काय करायचं? तिच्यासाठी लिहून ठेवतो. दारावरचं जुनं नाव नव्या मालकाने स्वतः डांबराने झाकायचं आणि सुकल्यावर आपलं नाव पांढऱ्या रंगाने लिहायचं. डांबराचे दोन थर देण्याची पद्धत आहे. एकच थर दिला तर जुनं नाव खालून बरीच वर्षं दिसत राहतं. तिने हे काम कोरड्या दिवशी, घाई न करता करावे. अक्षरे मोठी काढावीत, बंदरात शिरणाऱ्या होडीवरून वाचता आली पाहिजेत. डांबर मात्र एकच थर लावावे.

हे सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिले, वाचले, आणि ते मला मान्य आहे.

(सही) हरीश दत्ताराम खवणेकर ‘ट्यूसडे’

आमच्यासमोर सही केली, सही करताना ते हसत होते:
१. (सही) मार्गारेट रीड ‘बॉबिन’, पोर्टकेर्न
२. (सही) शिरीष गोगटे, एश्बॉर्न, टोपणनाव अद्याप नाही

स्थळ: एश्बॉर्न
दिनांक: १५ डिसेंबर २०२४