इटालियन रायफलीवरचे ठसे

अण्णा,

तुम्ही असता तर हे काम तुमच्याकडे आलं असतं आणि मी शेजारी बसून नुसता टॉर्च धरला असता. आमच्या शेजारच्या आजींच्या माळ्यावर एक रायफल सापडली. आइंडहोवन या डच शहरातल्या आमच्या गल्लीत घराला घर चिकटून आहे, आणि आजी भिंतीपलीकडे एकट्या राहतात. वय पंच्याऐंशीच्या पुढे. घर त्यांच्या वडिलांचं. त्या तिथेच जन्मल्या. आता ते विकून म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेल्या फ्लॅटमध्ये जायचं म्हणून त्यांचा मुलगा माळा आवरत होता, तर छताच्या फळ्यांमागे तेलकट घोंगडीत गुंडाळलेली ही वस्तू. इथे परवान्याशिवाय घरात बंदूक ठेवणं गुन्हा आहे. मुलानं लगेच पोलिसांना कळवलं. ते म्हणाले, तुम्ही आणू नका, गुरुवारी आम्हीच येऊन नेतो. मुलगा आपल्या गावी परत गेला आणि आजींनी मला बोलावलं. कधीतरी कॉफी पिताना मी त्यांना सांगितलं होतं की माझे वडील रायफलीच्या फॅक्टरीत तपासनीस होते. ते त्यांच्या बरोबर लक्षात होतं.

त्यांना एकच गोष्ट हवी होती. लहानपणापासून त्यांनी ऐकलं होतं की जर्मन माघार घेत होते तेव्हा त्यांच्या वडिलांनी एका पहारेकऱ्याच्या हातातून बंदूक हिसकावून घेतली. ती बंदूक कुणी कधी पाहिली नव्हती, त्यामुळे आजींना ती थापच वाटायची. रायफल सापडली तेव्हा आधी त्यांना आनंद झाला. मग रात्र गेली आणि दुसरेच प्रश्न उभे राहिले. हिसकावली, तर युद्ध संपल्यावर सगळ्यांसारखी जमा का केली नाही? आणि मुक्तीच्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या घरांवर झेंडे लागायचे, तेव्हा आपल्या घरावर कधीच का लागला नाही? इथे युद्धात चुकीच्या बाजूला उभ्या राहिलेल्या माणसाला ‘फाउट’ म्हणतात. चुकीचा. ऐंशी वर्षं झाली तरी तो शब्द हलक्या आवाजात उच्चारतात. आजींनी तो उच्चारलाच नाही. त्या म्हणाल्या, “तू फक्त वाच. काय लिहिलंय ते सांग.”

मी वाचायला बसले आणि मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. रविवारी तुम्ही फडताळातलं एखादं पातेलं काढून पालथं करता आणि मला विचारता, हे आपल्याकडे कसं आलं? मी नाव वाचते: आत्याच्या लग्नातलं. तुम्ही म्हणता, नाव कुणीही वाचेल, अक्षरं बघ. टिंबाटिंबांची अक्षरं म्हणजे हातानं ठोकलेली, सलग ओढलेली म्हणजे मशीननं घातलेली. एका पितळी डब्यावर दोन नावं होती, एक घासून पुसट केलेलं. आईला तो प्रकार मुळीच आवडायचा नाही. लोकांच्या भेटवस्तूंची चौकशी कशाला, म्हणायची. मी मात्र तेव्हापासून कुठेही जेवायला गेले की ताट उचलून खाली बघते. इथे ऑफिसात मी केसाहूनही बारीक खुणा मशीननं मोजते. ते शिक्षण नंतरचं. सुरुवात पातेल्यांनी झाली.

रायफलीला बोल्ट, म्हणजे गोळी आत सरकवणारा दांडा, नव्हता; त्यामुळे धोकाही नव्हता. नळीच्या बुडाशी मुकुटाचा ठसा होता, त्याखाली गावाचं नाव, तेर्नी. इटलीतलं बंदुकांचं जुनं गाव. भोवती एकेक दोन-दोन अक्षरांचे बारीक ठसे, तुमच्यासारख्या कुणाकुणाचे. नळीवरचा नंबर आणि लाकडावरचा नंबर जुळत नव्हते. म्हणजे दस्ता मागाहून बदललेला. त्यावर दुरुस्तीचा गोल ठसा, निम्मा झिजलेला. इथवर सगळं सरळ होतं आणि मी शाळेतल्यासारखी मोठ्यानं वाचत होते. मग दस्त्याच्या डाव्या अंगाला तापल्या लोखंडानं डागलेली अक्षरं दिसली: WACHT, आणि पुढे चौदा. वाख्त म्हणजे पहारा. मी घरी येऊन जे मिळेल ते वाचलं. इटलीनं शस्त्रं टाकल्यावर जर्मनांनी तिथल्या बंदुका गोळा करून ताब्यातल्या देशांत पहाऱ्यावरच्या लोकांना वाटल्या होत्या. पण हा शब्द जर्मनमध्येही तोच आणि डचमध्येही तोच. जर्मन पहारेकरी की त्यांच्या बाजूनं उभा केलेला इथलाच कुणी माणूस, हे त्या शब्दातून कळायला मार्ग नाही. मी आजींना तसंच सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि बिस्किटांचा डबा बंद करून ठेवला.

तेव्हा मला फॅक्टरीतली तुमची चौकशी आठवली. त्या गोष्टीचं नाव आपल्या घरात कुणी घेत नसे, म्हणून मी आज घेते. चाचणीच्या वेळी एक भाग फुटला, एका माणसाची दोन बोटं गेली, आणि त्या भागावर तपासून पास केल्याचा तुमचा ठसा निघाला. मी चौदा वर्षांची होते. तुम्ही जेवायला बसला होतात, पुढ्यात आमटी-भात, आणि आईला सांगत होतात, “ठसा माझा आहे, हात माझा नाही.” मी मध्येच विचारलं, “मग कुणाचा?” तुम्ही माझ्यावर ओरडला नाहीत. ताटावरून उठलात, हात धुतलात आणि म्हणालात, “माहीत नसेल तर बोट दाखवायचं नाही.” मला ते उत्तर वाटलं नव्हतं, टाळाटाळ वाटली. तुम्हाला तपासणीवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं, तिथूनच तुम्ही निवृत्त झालात, आणि मी पुन्हा कधी विचारलं नाही. दुसऱ्या पाळीत कुणी तुमचा ठशाचा पंच उचलला होता का? की त्या दिवशी तुम्ही थकला होतात, मापाचा गेज नीट लावला नाही? मला दोन्ही शक्य वाटतं. वाईट याचं की मी दोन्ही शक्य मानूनच तुमच्याशी सतरा वर्षं बोलत राहिले, आणि तुम्हाला ते कळत असणार.

बुधवारी आजी म्हणाल्या, न्यायला येतील त्याआधी धूळ तरी पुसू. कपाटातून त्यांनी फर्निचरचं मेण आणि फडकं काढून दिलं आणि कॉफी करायला आत गेल्या. मी दस्ता उलटा केला. खालच्या बाजूला, जिथे डावा तळवा टेकतो, तिथे चाकूनं कोरलेलं एक अक्षर होतं. J. इटालियन लोक ते अक्षर जवळजवळ वापरत नाहीत, हे मला वाचून ठाऊक झालं होतं. अक्षराच्या कडा बोथट झालेल्या, त्यावरचं लाकूड हाताच्या घामानं काळं, गुळगुळीत. एका झटापटीत हिसकावून फळ्यांमागे टाकलेल्या बंदुकीवर असं होत नाही. ती कुणीतरी आपली मानून कितीतरी महिने धरली होती. आजींच्या वडिलांचं नाव J वरून सुरू होतं. पण या देशातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं होतं, आणि कितीतरी जर्मनांचंही. आत कपबशा वाजत होत्या. मी फडकं मेणात बुडवलं.

गुरुवारी एक तरुण पोलीसबाई आल्या, त्यांनी रायफल लांब पिशवीत घातली, कागदावर ‘इटालियन, जुनी’ एवढंच लिहिलं आणि आजींची सही घेतली. पुढे ती वितळवतात म्हणे. त्या गेल्यावर आजींनी दार लावलं आणि माझ्याकडे बघत विचारलं, “आणखी काही होतं का तिच्यावर?” मी म्हटलं, “नाही.” त्या म्हणाल्या, “बरं,” आणि खुर्चीत बसल्या. हलकं वाटलं म्हणून बसल्या, की मी खोटं बोलले हे कळलं म्हणून, ते मला अजून उमगलेलं नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पेटीत टाकलं असतं असं वाटत नाही. तुम्ही बोट दाखवायचं नाही म्हणाला होतात; मीही दाखवलं नाही, असं म्हणून मोकळं होता येईल. पण अण्णा, मी ते अक्षर नुसतं लपवलं नाही. मेण नखानं त्यात दाबून भरलं, वरून लाकडाच्या रंगाला येईपर्यंत घासलं, आणि ते दिसेनासं झालं तेव्हा मला बरं वाटलं.